वस्तीच्या राखणीसाठीं काडतुसाची निवड

नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर माळशिरस तालुक्यांत ऊस वाढला, तसे अकलूज, माळीनगर, वेळापूर या टापूंतील पुष्कळ बागाईतदार गांवठाण सोडून मळ्यांतील वस्तीवर राहूं लागले. वस्तीवरचें घर एकटें असतें. भोंवतीं पुरुषभर उंचीचा ऊस, शेजारचें घर हांकेच्या पलीकडे आणि रात्रीं वाट अंधाराची. अशा ठिकाणीं गुराढोरांची, विहिरीवरील मोटारीची आणि मुख्यतः बायकामुलांची काळजी कर्त्या माणसास लागून राहावी हें स्वाभाविक आहे. म्हणून कित्येक वस्त्यांवर परवान्याची बारा बोअरची बंदूक आढळते.

परंतु बंदूक घेतांना जो गृहस्थ चार ठिकाणीं चौकशी करितो, तोच काडतुसें घेतांना दुकानदार देईल तीं घेऊन येतो. कोणी ‘मोठ्यांत मोठा छर्रा द्या’ म्हणतो. कोणी ‘चोर मरूं नये, भ्यावा एवढेंच’ म्हणून बारीक छर्रा मागतो. हीं दोन्ही मतें अपुऱ्या माहितीवर उभीं आहेत. काडतूस कसें निवडावें याचा विचार चोरापासून सुरू न करतां चोराच्या पलीकडे काय आहे येथून सुरू करावा लागतो, हें या लेखांत दाखवावयाचें आहे.

१. कायद्याची मर्यादा

प्रथम बार केव्हां काढतां येतो हें पक्कें ठाऊक असलें पाहिजे. सध्यांचा शस्त्र कायदा १९५९ सालचा असून तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू आहे. त्यापूर्वीं १८७८ सालचा कायदा चालत असे. २०१९ सालच्या दुरुस्तीनें एका परवानाधारकास दोहोंपेक्षां अधिक बंदुका ठेवतां येत नाहींत, आणि परवान्याची मुदत पांच वर्षांची झाली आहे. काडतुसें किती घ्यावीं याची मर्यादाहि परवान्यावर लिहिलेली असते. ती वाचून मगच दुकानांत जावें. ज्या हेतूसाठीं परवाना मिळाला तो हेतु, मग तो आत्मसंरक्षण असो कीं पीकसंरक्षण असो, ध्यानांत ठेवावा.

आत्मसंरक्षणाचा हक्क पूर्वीं भारतीय दंडविधानांत होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आला आहे. त्यांतील दोन गोष्टी प्रत्येक बंदूकधारी शेतकऱ्यानें मनांत कोराव्या. पहिली अशी कीं, बचावासाठीं जेवढी इजा आवश्यक तेवढीच करतां येते, आणि सरकारी मदत मागण्यास अवसर असेल तेथें हा हक्क उरत नाहीं. दुसरी अशी कीं, मालमत्तेसाठीं जीव घेण्यापर्यंत हा हक्क फार थोड्या प्रसंगीं पोहोंचतो : जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीं झालेली घरफोडी, राहत्या घरास आग लावणें, किंवा ज्या चोरींत अगर घरांतील घुसखोरींत आपल्या जिवास वा गंभीर दुखापतीचें भय वाजवीपणें वाटावें असे प्रसंग. विहिरीवरील केबल कापून पळणारा, शेळी काखेंत मारून उसांत शिरणारा किंवा ठिबकच्या नळ्या उचलून नेणारा यांच्या पाठीवर बार टाकणें या मर्यादेंत बसत नाहीं. मोटार पुनः घेतां येते. खटला मात्र घर, शेत व उमेदीचीं वर्षें घेऊन जातो.

आणखी एक गैरसमज येथेंच दूर करावा. ‘बारीक छर्रा मारला म्हणजे जीव घेण्याचा हेतु नव्हता’ ही सबब टिकेल अशा भरंवशावर कोणीं राहूं नये. पांच-सात पावलांवरून आठ नंबरचें काडतूससुद्धां जीव घेऊं शकतें. बंदूक माणसाकडे वळविली कीं ती जीव घेण्याचीच वस्तु आहे असें धरून चालावें. जेथें जीव घेण्यापर्यंतचें कारण नाहीं, तेथें कोणतेंच काडतूस योग्य नाहीं.

२. बोअर व काडतुसाची लांबी

एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या असतां त्यांतील एक गोळी ज्या नळींत बरोबर बसेल ती बारा बोअरची नळी होय. तिचा व्यास सुमारें साडेअठरा मिलिमीटर असतो. या हिशेबामुळें आंकडा जितका मोठा तितकी नळी लहान. वीस बोअरचें काडतूस बारा बोअरच्या नळींत टाकल्यास तें आंत घसरून अडकतें; मागून बारा बोअरचें काडतूस भरून चाप ओढल्यास नळी फुटून हात जातो. म्हणून घरांत अगर भावाभावांत दोन निरनिराळ्या बोअरच्या बंदुका असतील तर त्यांचीं काडतुसें एका डब्यांत कधीं ठेवूं नयेत.

बोअर जुळला तरी लांबीहि जुळावी लागते. काडतुसाची जी लांबी छापलेली असते ती बार झाल्यावर उलगडलेल्या नळकांड्याची असते, भरलेल्या काडतुसाची नव्हे. त्यामुळें अडीच इंची म्हणजे ६५ मिलिमीटर घराच्या जुन्या विलायती बंदुकींत पावणेतीन इंची म्हणजे ७० मिलिमीटरचें काडतूस सहज बसतें आणि फसवितें. बार होतांच त्याचें तोंड उलगडण्यास जागा पुरत नाहीं व नळींतील दाब धोक्याच्या थरास जातो. आजोबांच्या वेळची बंदूक असेल तर नळीखालील शिक्के परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाल्याकडून वाचवून घ्यावे. लहरी नक्षीच्या दमास्कस नळ्या बहुधा काळ्या दारूच्या काळांतल्या असतात. त्यांवर बिनधुराच्या दारूची चांचणी झाल्याचा शिक्का नसेल तर आजचें काडतूस त्यांत घालूंच नये.

३. छऱ्यांचे आकार

आपल्या परवानाधारकांच्या हातीं पडणारीं पुष्कळ काडतुसें पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्यांतून येतात. हा कारखाना १८६९ सालचा असून ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहे. आपल्याकडे छऱ्यांचीं नांवें जुन्या इंग्रजी पद्धतीचीं चालत आलीं आहेत. त्या पद्धतीनें एका औंसांत, म्हणजे सुमारें अडीच तोळ्यांत, बसणाऱ्या छऱ्यांची संख्या व छऱ्याचा व्यास पुढें दिला आहे. शेवटचा आंकडा नळी उंच धरून बार काढल्यास तो छर्रा अदमासें किती वार जाऊन पडेल याचा आहे. छऱ्याचा इंचांतील व्यास २२०० नें गुणला असतां हा पल्ला वारांत निघतो. जुर्ने या फ्रेंच अधिकाऱ्याचा हा जुना ठोकताळा आहे.

एल. जी. : छर्रे ६, व्यास ०.३६ इंच, पल्ला ७९० वार.
एस. जी. : छर्रे ८; व्यास ०.३३ इंच, पल्ला ७३० वार.
ए. ए. ए. : छर्रे ३५, व्यास ०.२० इंच, पल्ला ४५० वार.
बी. बी. : छर्रे ७०, व्यास ०.१६ इंच, पल्ला ३५० वार.
नंबर ४ : छर्रे १७०, व्यास ०.१२ इंच, पल्ला २६० वार.
नंबर ६ : छर्रे २७०; व्यास ०.१० इंच, पल्ला २२५ वार.
नंबर ८ : छर्रे ४५०, व्यास ०.०९ इंचास किंचित् कमी. पल्ला १९० वार.

यांखेरीज एकच मोठी गोळी भरलेलें काडतूस मिळतें. त्याचा पल्ला एल. जी. पेक्षांहि लांब असून तें वस्तीच्या राखणीच्या कामाचें नव्हे.

या कोष्टकावरून मुख्य नियम दिसून येतो. छर्रा मोठा तर संख्या थोडी, शिरकाव खोल आणि पल्ला लांब. छर्रा बारीक तर संख्या पुष्कळ, शिरकाव उथळ आणि पल्ला आंखूड. सहा व आठ नंबरचे छर्रे तित्तिर-पारव्यासारख्या पांखरांसाठीं केलेले आहेत. पंधरावीस वारांच्या पुढें जाड घोंगडें पांघरलेल्या माणसास ते अडवतील अशी खात्री नसते. आणि दोन-चार वारांवर तेच छर्रे एकवट होऊन भयंकर जखम करितात. म्हणजे दूर निरुपयोगी व जवळ प्राणघातक अशी त्यांची दुहेरी स्थिति आहे. भिववण्यासाठीं बारीक छर्रा बरा, या समजुतीस म्हणून आधार नाहीं.

४. फैलाव : ‘नेम लागत नाहीं’ हा भ्रम

छऱ्याच्या बंदुकीस नेम धरावा लागत नाहीं, नुसती त्या बाजूस नळी केली कीं पुरे, असें पुष्कळांस वाटतें. तोंडाशीं आवळलेली नसलेल्या साध्या नळींतून छर्रे स्थूलमानानें दर वारास एक इंच फांकतात. पडवीच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत पांच-सात वारांचें अंतर धरलें तर छऱ्यांचा घोस वीतभरहि पसरत नाहीं. नळी तोंडाशीं आवळलेली, म्हणजे चोकची, असेल तर तो मुठीएवढाच राहतो. घरांत नेम चुकला तर सारेच्या सारे छर्रे चुकतात.

लांब अंतरावर गोष्ट उलट होते. चाळीस वारांवर तीस इंच व्यासाचें वर्तुळ कल्पिलें, तर साध्या नळीचे शंभरांतील सुमारें चाळीस छर्रे त्यांत पडतात, पूर्ण चोकचे सुमारें सत्तर. बाकीचे साठ अगर तीस छर्रे वर्तुळाबाहेर कोठें तरी जातात, आणि ते कोठें गेले याचा जाब बार काढणारासच द्यावा लागतो. दुनळी बंदुकींत बहुधा उजवी नळी मोकळी व डावी आवळलेली असते. आपल्या बंदुकीची कोणती कशी आहे हें जाणून घ्यावें. रायफल क्लबांत अगर परवानगीच्या चांदमारीच्या जागीं मोठा कागद लावून दहा, वीस व तीस वारांवरून जीं काडतुसें घरीं ठेवावयाचीं तींच एकेक मारून पाहावीं. एकाच नंबरचीं दोन काडतुसें दोन नळ्यांतून किती निराळीं पडतात हें त्या कागदावर स्वतः पाहिल्यावांचून पटत नाहीं.

५. पलीकडे काय आहे

आतां मुख्य मुद्दा. जुन्या माळवदाच्या घरांच्या दीड-दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती कोणताहि छर्रा गिळून टाकतात. नऊ इंची पक्की विटांची भिंतहि छऱ्यास पुरते. परंतु आजच्या वस्तीवर सगळेंच असें नसतें. गोठ्याचा पत्रा, पातळ फळीचें दार, खिडकीची कांच यांतून एल. जी. व एस. जी. चे छर्रे पार होऊन पलीकडे पुनः जखम करण्याइतका जोर राखतात.

याहून नाजूक गोष्ट म्हणजे कोप्या. गाळपाचा हंगाम सुरू झाला कीं बीड व इतर जिल्ह्यांतून आलेल्या ऊसतोड मजुरांचीं बिऱ्हाडें आपल्या फडांच्या कडेनें उतरतात. चटई, वाढें व पाचट यांची ती कोपी. आंत बाई, तान्हें मूल, म्हातारा माणूस. तिच्या भिंतीस छऱ्याच्या दृष्टीनें भिंत म्हणतांच येत नाहीं. ऊस उभा असतां कोपी दिसत नाहीं, आणि फड तुटत गेला कीं टोळी जागा बदलते. परवां जी दिशा मोकळी होती, ती आज मोकळी असेलच असें नाहीं. वरील कोष्टकांतील सातशें-आठशें वारांचा आंकडा अशा वेळीं पुनः वाचून पाहावा.

म्हणून दिवसाउजेडीं घराभोंवतीं एकदां फिरून हिशेब करावा. दारांतून, पडवींतून, माळवदावरून, जेथून म्हणून बार काढण्याची वेळ येईल त्या प्रत्येक जागीं उभें राहून समोर काय आहे, त्याच्या मागें काय आहे आणि शेवटीं छर्रा कोठें थांबेल हें पाहावें. त्यावरून तीन प्रकार पडतात.

पहिला : समोरच्या बाजूस जाड मातीची अगर पक्की भिंत, विहिरीच्या मातीचा उंच ढीग किंवा बांध आहे. अशा दिशेस एस. जी. ठेवण्यास हरकत नाहीं. एल. जी. मध्यें छर्रे इतके थोडे असतात कीं त्याचा अधिक लाभ होत नाहीं.

दुसरा : समोर पत्रा, पातळ दार किंवा दूरवर वस्ती अगर रस्ता आहे. तेथें ए. ए. ए. अगर बी. बी. हा मधला छर्रा बरा. जवळच्या अंतरावर तो हल्ला थांबविण्यास बहुधा पुरतो, आणि त्याचा पल्ला एस. जी. च्या निम्म्याच्या आसपास येतो. तरीहि तोहि पत्र्यांतून जातो, हें विसरूं नये.

तिसरा : समोर कोपी, शेजाऱ्याची वस्ती, शाळा अगर देऊळ आहे. या दिशेस कोणत्याहि काडतुसानें सुरक्षित बार काढतां येत नाहीं. तेथें आपली जागा बदलावी, आंत जाऊन दार लावावें, ओरडावें, फोन करावा. काडतुसाचा नंबर बदलून ही अडचण सुटत नाहीं.

निवड झाल्यावर बंदुकीजवळ एकाच नंबरचीं काडतुसें ठेवावीं. एका नळींत बारीक व दुसऱ्या नळींत जाड भरण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं आहे; परंतु झोपेंतून दचकून उठलेल्या माणसास अंधारांत कोणती नळी कोणती हें स्मरत नाहीं.

६. समोर कोण आहे

अंधारांत हालणारी आकृति चोराचीच असते असें नाहीं. रात्रपाळीचें पाणी धरून परतणारा गडी, वाट चुकलेला वाटसरू, कुत्रें भुंकलें म्हणून धांवत आलेला शेजारी, उशिरां घरीं आलेला आपलाच मुलगा, यांपैकीं कोणीहि असूं शकतो. महाराष्ट्रांत अनेक ठिकाणीं ग्रामसुरक्षा यंत्रणेमार्फत एका फोननें साऱ्या गांवास इशारा देतां येतो. त्याचा अर्थ असा कीं, आपण हांक मारल्यावर पांच-दहा मिनिटांत अंधारांतून जीं माणसें येतील तीं आपल्या मदतीस आलेलीं असतील. बॅटरीचा उजेड टाकून, हांक देऊन, माणूस ओळखल्याशिवाय बोट चापावर जातां कामा नये.

संशयानें केवढा अनर्थ होतो हें आपल्या जिल्ह्यास ठाऊक आहे. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांत साक्री तालुक्यांतील राईनपाडा येथें मुलें पळविणारे समजून जमावानें पांच भिक्षेकऱ्यांस ठार मारलें. त्यांत मंगळवेढें तालुक्यांतून गेलेले लोक होते. तेथें बंदूक नव्हती, तरी हें घडलें.

हवेंत बार काढण्याविषयींहि येथेंच सांगावें. वर गेलेला छर्रा खालीं येतोच. नळी तिरकी असली तर एल. जी. चा छर्रा पाऊण किलोमीटरभर दूर जाऊन पडतो. लग्नांत, वरातींत किंवा निवडणुकीच्या विजयानंतर बार काढणें तर २०१९ च्या दुरुस्तीनें स्वतंत्र गुन्हा ठरला आहे. त्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, अगर दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

७. बिबट्या व रानडुक्कर

उसाच्या आसऱ्यानें बिबट्याहि वस्तीजवळ येऊं लागला आहे, म्हणून कोणतें काडतूस त्यास लागू पडेल असें विचारलें जातें. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा असून त्याअन्वयें बिबट्या पहिल्या अनुसूचींत आहे. डिसेंबर २०२० मध्यें करमाळा तालुक्यांत माणसें मारणाऱ्या बिबट्यास अकलूजचेच धवलसिंह मोहिते-पाटील यांनीं गोळी घातली, ती वनखात्याच्या आदेशानंतर. खाजगी परवान्याच्या जोरावर असें करतां येत नाहीं. अंगावर आलेल्या जनावरापासून जीव वांचवितांना सद्भावनेनें केलेलें कृत्य कायदा गुन्हा मानीत नाहीं. पण पाळत ठेवून मारणें ही शिकार होय. रानडुकरासहि वनखात्याच्या परवानगीवांचून मारूं नये. आणि बारीक छऱ्यानें बिबट्या अगर डुक्कर मरत नाहीं, जखमी होतो, व तें जखमी जनावर दुसऱ्या दिवशीं ऊस तोडणाऱ्याच्या समोर येतें.

८. काडतुसांची निगा

काडतुसें कोरड्या पत्र्याच्या डब्यांत कुलूप लावून ठेवावीं. चुलीवरील फळी, ट्रॅक्टरची पेटी, खतांची व औषधांची खोली या जागा वर्ज्य कराव्या. पावसाळ्यांत कागदी नळकांडें फुगतें व घरांत अडकतें. प्लॅस्टिकचें फुगत नाहीं, पण पितळी बुडावर हिरवट गंज चढतो. फुगलेलें, गंजलेलें अगर टोपी दबलेलें काडतूस वापरूं नये, पोरांच्या हातीं खेळण्यास देऊं नये, चुलींत टाकूं नये. तें परवानाधारक दुकानदारास विचारून त्याची वाट लावावी. घरीं दारू व छर्रे भरून काडतुसें करण्याच्या भरीस पडूं नये.

चाप ओढूनहि बार न झाल्यास नळी सुरक्षित दिशेस तशीच धरून निदान अर्धा मिनिट थांबावें, मगच बंदूक उघडावी. कधीं कधीं बार उशिरां होतो. काडतूस भरण्यापूर्वीं नळींतून आरपार पाहण्याची संवय लावावी. खुंटीस टांगलेल्या बंदुकीच्या नळींत कुंभारमाशी मातीचें घर करिते, आणि तेवढ्या मातीनेंहि नळी फुगते किंवा फाटते.

भरलेली बंदूक घरांत कधीं ठेवूं नये. बंदूक एका कुलपांत, काडतुसें दुसऱ्या कुलपांत, आणि किल्ल्या कर्त्या माणसाजवळ असाव्या. घरांत कोणी दारूच्या आहारीं गेला असेल, भाऊबंदकीचा तंटा पेटला असेल, किंवा कर्जानें अगर नापिकीनें कोणाचें मन खचलें असेल, तर बंदूक कांहीं काळ पोलीस ठाण्यांत अगर परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावी. असल्या दिवसांत बंदुकीचें भय बाहेरच्या चोरापेक्षां घरच्यांसच अधिक असतें. यांत कमीपणा मुळींच नाहीं.

९. बंदुकीच्या आधीं

निवडणुकांच्या काळांत पुष्कळ परवानाधारकांस बंदुका जमा करण्यास सांगण्यांत येतें. तेव्हांहि वस्ती तेथेंच असते. म्हणून राखणीचा पाया बंदुकीवर न घालतां इतर साधनांवर घालावा : आंतून अडसर असलेलें भक्कम दार, दारापुढें दिवा, जागें कुत्रें, घराच्या भिंतीपासून दहा-पंधरा वार ऊस न लावतां मोकळी सोडलेली जागा, शेजारच्या वस्त्यांशीं ठरविलेली खूण, आणि ११२ हा तांतडीचा क्रमांक घरांतील लहानथोर सर्वांस पाठ. मोकळ्या सोडलेल्या जागेनें चार मोळ्या ऊस कमी होईल, पण येणारा माणूस दुरून दिसेल व ओळखूं येईल.

हीं साधनें झाल्यावर, आणि वर सांगितल्याप्रमाणें चारी दिशांचा हिशेब केल्यावर, आपल्या बंदुकीच्या बोअरचें व लांबीचें, आपल्या वस्तीस जुळणाऱ्या छऱ्याचें, कागदावर मारून पाहिलेलें ताजें काडतूस ठेवावें. दर गाळप हंगामाच्या आरंभीं, टोळ्या उतरल्या म्हणजे, घराभोंवतीं पुनः एक फेरी मारून कोणती कोपी कोठें आहे तें पाहावें व त्याप्रमाणें पहिला ठराव बदलावा. हें काम अर्ध्या तासाचें आहे, आणि तें दिवसाउजेडींच करतां येतें.